एल्फिन्स्टनकर: एका विरळा स्कॉटिश आडनावाचा माग

मुंबईत एल्फिन्स्टन म्हटलं की जुन्या माणसाला स्टेशन आठवतं आणि शिकलेल्याला कॉलेज. स्टेशनाचं नाव जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, कॉलेजचं टिकून आहे. दोन्ही नावं एकाच माणसाची असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. कॉलेज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचं. १८१७ साली खडकीची लढाई झाली तेव्हा हा पुण्यातला रेसिडेंट, म्हणजे पेशवे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी होता आणि पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. स्टेशन मात्र त्याच्या पुतण्याचं, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन असलेल्या जॉनचं. तो १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता. आजचं हॉर्निमन सर्कल पूर्वी एल्फिन्स्टन सर्कल होतं, तेही या पुतण्याच्याच नावानं.

आडनावाचा माग काढतानाही नेमकी हीच चूक होते: नाव एक दिसलं की माणसं एका घरात कोंबायची. एल्फिन्स्टन हे आडनाव आलं एका गावावरून. आपल्याकडचं ‘कर’ समजलं की ते निम्मं समजतं.

गाव स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, ईस्ट लोदियन काउंटीत, ट्रॅनेंट पॅरिशमध्ये (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गट) आहे. शेवटचं ‘स्टोन’ पाहून दगड शोधायला जाऊ नये. मूळ तुकडा ‘टून’, म्हणजे वाडी किंवा वस्ती, आणि आधीचा ‘स’ षष्ठीचा. तेराव्या शतकातल्या कागदांत नाव ‘एल्फिनस्टुन’ अशा वळणानं येतं: एल्फिन नावाच्या कुणाची तरी वाडी. या नावाच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतलं ‘एल्फविने’ धरतात, म्हणजे यक्षमित्र. जॉनस्टन ही जॉनची वाडी आणि लिव्हिंगस्टन ही लेव्हिंगची, तसंच हे. ग्लॅडस्टन मात्र खरोखर दगडाचा: ‘ग्लेड’ म्हणजे घार, तेव्हा घारीचा खडक. चारही नावं इंग्रजीत ‘स्टोन’ने संपवून लिहिता येतात, पण वाड्या तीनच.

आता ‘कर’चा मुद्दा. चिपळुणात राहणाऱ्या प्रत्येकाला कुणी चिपळूणकर म्हणत नाही. त्या नावाचा उपयोग चिपळूण सोडून पुण्याला आलेल्या माणसाला हाक मारताना होतो. स्कॉटलंडच्या सखल भागातही साध्या माणसाला गावाचं आडनाव बहुधा गाव सोडल्यावर चिकटलं. त्यामुळे गावाच्या नावाचं आडनाव नकाशावर मांडलं की सगळ्यात गडद ठिपका गावावरच पडेल ही अपेक्षा चुकीची ठरते. गावाभोवतीच्या कड्यात, एक-दोन दिवसांच्या चालीच्या अंतरावर, ते जास्त सापडावं.

याला अपवाद जमीनदाराचा. तो जागेवर राहूनच जमिनीचं नाव लावतो, कारण ते त्याच्या हक्काचं चिन्ह असतं, आपल्या देशमुखीसारखं. म्हणजे आडनावाचा उगम दोन वाटांनी होऊ शकतो: जमीन धरून बसलेल्याचा आणि गाव सोडून गेलेल्याचा. रक्ताचं नातं नसताना दोघांचं आडनाव एक. ट्रॅनेंटच्या पट्ट्यात मध्ययुगापासून कोळसा काढत. १६०६ च्या कायद्यानं स्कॉटिश खाणकामगाराला मालकाच्या खाणीशी बांधून टाकलं, आणि ती वेठ पूर्णपणे संपली १७९९ मध्ये. खाणपट्ट्यात एखादा एल्फिन्स्टन सापडला की ‘लॉर्डांचा भाऊबंद’ म्हणून वंशावळीला जोडायची घाई करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जमीनदार घराण्याची गोष्ट गमतीची आहे, कारण गाव त्यांच्या हातून लवकर गेलं. पंधराव्या शतकात वारस उरली मुलगी. तिचं लग्न जॉनस्टन घराण्यात झालं, खटला झाला, आणि एल्फिन्स्टनची जमीन जॉनस्टनांकडे गेली. पुरुषवंशाला स्टर्लिंगशरमध्ये एअर्थजवळची जमीन मिळाली. तिथे त्यांनी नवा बुरूज बांधला आणि त्यालाही नाव दिलं एल्फिन्स्टन. आता एकाच नावाचे दोन बुरूज झाले, आणि घोटाळ्याची पहिली मोठी जागा हीच. जुन्या दस्तात ‘एल्फिन्स्टनचा अमुक’ असं दिसलं तर आधी काउंटी बघा. हॅडिंग्टन किंवा हॅडिंग्टनशर असेल तर मूळ गाव. ईस्ट लोदियनचं १९२१ पर्यंतचं अधिकृत नाव तेच. स्टर्लिंगशर असेल तर नवी जागा. तीही १७५४ मध्ये अर्ल ऑफ डनमोरला विकली गेली आणि तिचं नाव डनमोर झालं, म्हणून आजच्या नकाशात ती जुन्या नावानं शोधली तर हाती जेमतेम एक पडका बुरूज लागतो. मूळ गावचा बुरूज तर खाणींमुळे जमीन खचून तडकला आणि १९५५ मध्ये बहुतेक पाडला गेला.

घराण्याला लॉर्डपद मिळालं १५१० मध्ये. पहिला लॉर्ड १५१३ ला फ्लॉडनच्या लढाईत पडला आणि दुसरा १५४७ ला पिंकीच्या. पिंकीचं रणांगण मूळ गावापासून काही मैलांवरच. याच काळात ॲबर्डीनशरमधला किलड्रमी किल्ला राजानं त्यांना दिला आणि उत्तरेत या नावाचं दुसरं केंद्र तयार झालं. त्याआधीच तिथे या नावाचा दबदबा होता तो बिशप विल्यम एल्फिन्स्टनमुळे. जन्म ग्लासगोचा, १४३१ चा. १४९५ मध्ये त्यानं ॲबर्डीनचं विद्यापीठ स्थापलं. तो एका धर्मगुरूचा अनौरस मुलगा होता, आणि स्वतः बिशप असल्यामुळे त्याचा औरस वंश पुढे चालला नाही. ॲबर्डीनकडची घराणी सरळ बिशपांना नेऊन भिडवण्याचा मोह आवरावा. पुढे लोगी-एल्फिन्स्टनची शाखा तिथेच वाढली. इन्व्हरूरीजवळचं पोर्ट एल्फिन्स्टन हे कालव्याचं बंदर तिच्याच नावाचं. आणखी एक शाखा फाइफमधल्या बालमेरिनोचं लॉर्डपद घेऊन बसली. तिचा सहावा लॉर्ड आर्थर याचं जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूच्या, बंडातल्या सहभागासाठी १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर डोकं उडवलं. एक शाखा थेट ऑर्कनी बेटांपर्यंत गेली.

मूळ गावाच्या आसपास घराणं परतलं ते पुन्हा एका वारस मुलीमुळेच. दहाव्या लॉर्डचा धाकटा मुलगा विल्यम ईस्ट इंडिया कंपनीचा डायरेक्टर होता. त्याची बायको कारबेरीच्या फुलर्टन इस्टेटीची वारस, म्हणून त्यानं आडनावाआधी फुलर्टन जोडलं. काबूलच्या १८४२ च्या माघारीत सापडलेला जनरल एल्फिन्स्टन हा त्याचा मुलगा. कारबेरी हे एल्फिन्स्टन गावापासून अगदी जवळ. पण १८८१ च्या जनगणनेवरून काढलेल्या नकाशात ही दोन गावं एका काउंटीत दिसणार नाहीत, कारण कारबेरीची इन्व्हरेस्क पॅरिश तेव्हा मिडलोदियनमध्ये होती आणि १९७५ मध्ये ईस्ट लोदियनला जोडली गेली. काउंटीच्या रंगांचा नकाशा बघून ‘हे नाव मिडलोदियनला सरकलं’ असा निष्कर्ष काढणाऱ्यानं आधी पॅरिशची हद्द तपासावी.

उलटही होतं: घराणं तेच, आडनाव दुसरं. माउंटस्टुअर्टचा सख्खा भाऊ चार्ल्स आरमारात ॲडमिरल झाला. फ्लेमिंग घराण्याची इस्टेट मिळाल्यावर तो फ्लेमिंग आडनाव लावू लागला. एका आईचे दोन मुलगे, दोन आडनावं. स्कॉटलंडमध्ये इस्टेटीबरोबर आडनाव येणं ही नेहमीची अट होती, आपल्या दत्तकविधानासारखीच. पुरुषवंशाची डीएनए चाचणी करणाऱ्याला याचा फटका बसतो: आडनाव आईकडून आलेलं आणि वाय गुणसूत्र बापाकडून, मग चाचणी ‘नातं नाही’ म्हणते आणि कागद ‘आहे’ म्हणतात. दोन्ही खरं असतं.

आता प्रत्यक्ष काम. आधी स्पेलिंगं गोळा करा. शेवटचा ‘ई’ असलेलं आणि नसलेलं, ‘स्टून’ असलेलं, मध्ये ‘जी’ घुसलेलं ‘एल्फिंग्स्टन’, ‘एन’ गळालेलं ‘एल्फिस्टन’, ‘पीएच’ऐवजी ‘एफ’ असलेलं, आणि नक्कल करणाऱ्यानं पहिलं अक्षर ‘ए’ वाचल्यामुळे झालेलं ‘अल्फिन्स्टन’. शेवटच्या ‘ई’वरून शाखा ओळखता येते असं समजू नका. १७७० मध्ये चेश्मेच्या लढाईत रशियन आरमारात असलेला ॲडमिरल जॉन एल्फिन्स्टन ‘ई’ लावत नसे, पण पॅरिशच्या वह्यांत एकाच बापाच्या दोन मुलांची दोन स्पेलिंगं सहज सापडतात. लिहिणारा कारकून होता, घराणं नव्हे.

अनेक शोधयंत्रं साउंडेक्स, म्हणजे सारख्या उच्चाराच्या नावांना एकच कोड देणारी पद्धत, वापरतात. त्यात पहिलं अक्षर तसंच राहतं, स्वर आणि ‘एच’ गळतात, उरलेल्या व्यंजनांना आकडे मिळतात: ‘एल’ला ४, ‘पी’ आणि ‘एफ’ला १, ‘एन’ला ५, ‘एस’ला २. एल्फिन्स्टनचा कोड येतो ई-४१५. ‘एफ’वाली जुनी रूपं आणि ‘जी’वालं रूप याच कोडात बसतात, म्हणून ती आपोआप सापडतील. ‘एन’ गळालेल्या रूपाचा कोड ई-४१२ होतो आणि ‘अल्फिन्स्टन’चा ए-४१५, त्यामुळे ही दोन निसटतात. ती वेगळी शोधावी लागतात. तारांकन (कितीही अक्षरांच्या जागी *) चालत असेल तर ‘ई’, ‘एल’, तारा, ‘एस’, ‘टी’, तारा, ‘एन’, तारा असा साचा द्या. एल्स्टन आणि एलिस्टन हा कचरा बरोबर येईल, तो हातानं वेचून काढायचा. पहिलं अक्षरही प्रश्नचिन्हानं (म्हणजे कुठलंही एक अक्षर) बदलून एकदा शोध घ्या.

आणखी दोन प्रकारचा कचरा येतो. जन्मस्थानाच्या रकान्यात ‘एल्फिन्स्टन’ असलेली माणसं त्या गावची, आडनावाची नव्हेत. आणि आईचं माहेरचं आडनाव मुलाचं मधलं नाव म्हणून ठेवायची स्कॉटलंडमध्ये सर्रास पद्धत, त्यामुळे नावाच्या रकान्यातही ‘एल्फिन्स्टन’ येतं. दुसरा प्रकार मात्र फेकू नका, तो मुलीकडच्या शाखेचा धागा असू शकतो.

नकाशासाठी १८८१ ची जनगणना धरा. ३ एप्रिलच्या रात्रीची ही मोजणी, आणि तिची पूर्ण नावसूची फुकट बघायला मिळते. प्रत्येक काउंटीत किती माणसं मिळाली एवढाच आकडा रंगवला तर ब्रिटनमधलं जवळजवळ प्रत्येक आडनाव लंडन आणि ग्लासगोचं ठरेल. काउंटीच्या लोकसंख्येनं भागा. समजा हॅडिंग्टनशर आणि लॅनार्कशर दोन्हींत दहा-दहा माणसं मिळाली. पहिल्याची तेव्हाची वस्ती साधारण ३८ हजार, दुसऱ्याची साधारण ९ लाख. म्हणजे लाखामागे पहिल्यात २६ आणि दुसऱ्यात जेमतेम १. पण विरळ आडनावाच्या बाबतीत हे गणितही फसवतं. त्या दहांतलं आठ जणांचं एक कुटुंब महिनाभर आधी दुसरीकडे राहायला गेलं असतं तर २६ चे ५ झाले असते. म्हणून डोकी न मोजता घरं मोजा, आणि १८५१ व १९०१ च्या मोजणीशी ताडून बघा. १८४१ ची मोजणी यासाठी कुचकामी: पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली, आणि जन्मस्थान म्हणून ‘याच काउंटीत की नाही’ आणि इंग्लंड, आयर्लंड की परदेश एवढंच.

सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी इंग्लंडमध्ये १८३७ ला सुरू झाली आणि स्कॉटलंडमध्ये १८५५ ला. उशीर झाला पण काम पक्कं झालं. १८५५ च्या एका वर्षात फॉर्म इतका लांब होता की आईबापांची वयं, जन्मगावं आणि आधीची मुलंसुद्धा लिहिली गेली. पुढच्याच वर्षी तो छाटला. त्या वर्षात घराण्यातली एक जरी नोंद सापडली तरी दोन पिढ्या हाताला लागतात. स्कॉटलंडमध्ये बाईचं माहेरचं आडनाव कागदावरून जात नाही. मृत्यूच्या नोंदीत आईबापांची नावं आईच्या माहेरच्या आडनावासकट असतात, आणि सूचीत बाई दोन्ही आडनावांखाली सापडते. इंग्लंडच्या जुन्या मृत्युनोंदीत हे सुख नाही.

१८५५ च्या मागे पॅरिशच्या वह्या. सगळ्यात जुनी एरोल पॅरिशची, १५५३ ची. बहुतेक बऱ्याच नंतरच्या. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, त्यामुळे अनेक गरिबांनी बाप्तिस्मे नोंदवलेच नाहीत. त्या दहा-अकरा वर्षांत घराणं गायब दिसलं तर ते स्थलांतरित झालं असं समजू नका, पुढच्या दशकात तिथेच पुन्हा शोधा. मुख्य चर्चपासून फुटलेल्या पंथांची माणसंही या वह्यांत बहुधा नसतात.

जगाच्या नकाशावरचे एल्फिन्स्टन, म्हणजे ओमानच्या मुसंदममधली खाडी, तांबड्या समुद्रातला रीफ, कॅनडातला डोंगर, आडनावाच्या प्रसारात मोजू नयेत. तिथे नाव गेलं, घराणं नव्हे.

मुंबईचा धागा पकडायचा तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याची, दप्तरं बघा. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदी ‘एन-३’ या मालिकेत आहेत. एखादा एल्फिन्स्टन सापडला की गव्हर्नरांना चिकटवायचा मोह होणारच, पण काका आणि पुतण्या दोघेही अविवाहित होते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा बघा: शिपाई, तोफखान्यातला हवालदार, रेल्वेचा फिटर, जे असेल ते. पलटणीच्या भरतीच्या वहीत त्याची जन्मपॅरिश मिळते, आणि तिथून पुन्हा ट्रॅनेंट, एअर्थ किंवा ॲबर्डीनची वाट धरायची.