कॅरेक्टरची वही: कुंकू झाला, नटरंग झाला, आता पिंजरा

मंडळी, पिक्चरमधल्या पात्रांच्या नोंदींची वही आता मस्त रुळलीय. डाव्या पानावर पात्राची पहिली एन्ट्री, उजव्यावर शेवटचा सीन, आणि मधे फक्त त्यानं स्वतः घेतलेले निर्णय. घटना लिहीतच नाही, कारण संकट कुणावरही येतं, ते आल्यावर माणूस काय करतो तिथं खरं कॅरेक्टर कळतं.

या वेळी प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ चा कुंकू घेतला. प्रभात १९२९ ला आपल्या कोल्हापुरात सुरू झाली नि १९३३ ला पुण्याला गेली, म्हणजे हा पिक्चर पुण्यातला, तरी आपला वाटतोच. तर नीरा, म्हणजे शांता आपटे, म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न पहिल्यापासून मानत नाही आणि शेवटपर्यंत तसूभर हलत नाही. तिचं मधलं पान जवळपास एकाच ओळीत संपलं. भरलं ते काकासाहेबांचं, म्हणजे त्या म्हाताऱ्या नवऱ्याचं. हक्क गाजवणारा माणूस, तिच्या नकारावर रोज आपटत आपटत, शेवटी स्वतःच्या हातानं तिचं कुंकू पुसतो आणि जीव देतो. केशवराव दातेंनी काय काम केलंय राव! मला यातनं मिळालेली मोठी गोष्ट ही की एकजण ठाम उभा असला की दुसऱ्याला बदलावंच लागतं.

मग नटरंग. गुणा कागलकर, आपल्या शेजारच्या कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीतला. पैलवानी अंगाचा गडी, तमाशात राजा व्हायचं स्वप्न, पण नाच्या (बायकी हावभाव करणारा नाचा पुरुष) व्हायला कुणी तयार नाही म्हणून स्वतः उभा राहतो. तिथनं पुढं अतुल कुलकर्णीचे हात बघा, खांदे बघा, मान कशी कलते बघा, सगळं शरीर बदलत जातं, घर तुटतं, पण तमाशाचं वेड तेवढंच. म्हणजे ठाम राहणारा आणि बदलणारा एकाच माणसात! हे लिहिताना लई आनंद झाला.

आमच्या तालमीवरच्या शॉर्टफिल्मला याचा थेट उपयोग झाला. वस्तादांना शेवटी मऊ करायचा सीन काढून टाकला. वस्ताद पहिल्या सीनमधे म्हणतात "माती आधी, कुस्ती मग", शेवटीपण तेच म्हणतात, फक्त आधी फावडं टाकून जाणारं पोरगं आता न सांगता हौदा (कुस्तीची माती) खणायला लागतं. डायलॉग निम्मे झाले, सीन दुप्पट चढला.

पुढं १९७२ चा पिंजरा. डॉ. लागूंचा मास्तर नेमका कुठल्या सीनला घसरायला लागतो, तुमच्या नोंदी असतील तर टाका, माझ्या पानाशी ताडून बघतो.