व्हिएतनाम, वरून खाली, ट्रेनने

व्हिएतनामला जाणारे बरेच जण हनोई, दा नांग, सायगॉन असे विमानाने टप्पे घेत फिरतात, सुट्टी कमी असते, ठीकच आहे. पण मी आणि आत्या अख्खा देश ट्रेनने उतरलो. हनोई ते सायगॉन १७२६ किलोमीटर, मीटर गेज, एकच रूळ, न थांबता गेलात तर दीड दिवसाच्या आसपास लागतो आणि आम्ही तर जागोजागी उतरत, राहत, परत पुढची गाडी पकडत गेलो. आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण आत्याचा फोन आला की अजून दहा मिनिटं तरी व्हिएतनामवर जातात.

आम्ही गेलो ते तेतच्या तोंडावर, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष. हनोईत तेव्हा थंडी होती आणि दिवसभर ती भुरभुर, छत्री उघडावी तर उगाच वाटतं आणि नाही उघडली तर केस ओले. आणि त्या पावसात स्कूटरवरून झाडं चाललेली! मागच्या सीटला पीचची गुलाबी कळ्यांची भली मोठी फांदी बांधलेली, नाहीतर कुंडीसकट कमक्वाटचं झाड, नारिंगी फळांनी लगडलेलं, चालवणारा माणूस दिसतच नाही, नुसतं झाड सिग्नलला उभं आहे असं वाटायचं.

रस्ता क्रॉस करायचं तंत्र आत्याला माझ्याआधी जमलं. पळायचं नाही, थांबायचं नाही, मागे तर अजिबात यायचं नाही, एका लयीत चालत राहायचं, स्कूटरी आपल्याला वळसा घालून जातात.

हनोईतली अंड्याची कॉफी प्यायलाच हवी. १९४६ साली दुधाची टंचाई होती तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान ज्यांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला, तिथपासून ही चालू झाली. कप गरम पाण्याच्या वाडग्यात ठेवून देतात म्हणजे निवत नाही. वर पिवळा घट्ट फेस, खाली कडू जाळ कॉफी. आत्या अंडं खात नाही. तिने माझा कप हुंगला, "वास तर कस्टर्डचा येतोय" म्हणाली आणि स्वतःसाठी काळी कॉफी मागवली. तिच्या जेवणाची मला फार धास्ती होती कारण तिकडे फिश सॉस सगळ्यात असतो, पण बौद्ध लोकांच्या शाकाहारी खानावळी जवळपास प्रत्येक गावात सापडल्या, पाटीवर 'चाय' (चहा नव्हे, chay म्हणजे शाकाहारी) दिसलं की बिनधास्त शिरायचं. पौर्णिमा-अमावास्येला तर तिथे गर्दी असते, बरेच लोक त्या दिवशी मांस-मासे खात नाहीत.

ट्रेनचं तिकीट सहज मिळालं. तेतच्या आधी सगळी झुंबड सायगॉनहून वर गावाकडे जाणाऱ्या गाड्यांना असते, आम्ही उलट दिशेने चाललेलो. हा मार्ग फ्रेंचांनी १९३६ ला पूर्ण केला, पुढे देशाची फाळणी झाली तशी गाडीही तुटली, आणि युद्ध संपल्यावर १९७६ च्या अखेरीस परत जोडली गेली. डब्यात समोरच्या बर्थवरच्या काकूंनी पोमेलो सोलला, पाकळ्या तिखट-मिठात बुडवून आमच्या हातात ठेवल्या, आत्याने लगेच चिक्की काढली. भाषा शून्य. तरी दोघींनी एकमेकींना नातवंडांचे फोटो दाखवून तासभर काढला, मी वरच्या बर्थवरून बघत होते.

हुए ते दा नांग हा तुकडा मात्र दिवसाच करा आणि डावीकडची खिडकी पकडा. लांग कोची खाडी मागे पडली की गाडी हाय वान घाटात शिरते, वेग इतका कमी होतो की खालच्या लाटा मोजता येतील, बोगदा, मग समुद्र, परत बोगदा, आणि वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन पुढे झाडीतून जाताना दिसतं. बोगद्याच्या अलीकडे काचेवर धुकं होतं, स्वेटर अंगात. पलीकडे ऊन! हा डोंगर उत्तरेची थंड हवा अडवतो हे वाचलेलं होतं, पण एका बैठकीत ऋतू बदललेला बघणं वेगळंच. दा नांगला उतरताना आत्याने स्वेटर बॅगेत कोंबला तो शेवटपर्यंत काढला नाही.

होई आन सुंदर आहे, कंदील वगैरे सगळं आहे, पण संध्याकाळी इतकी गर्दी की फोटोत फक्त डोकी येतात. सकाळी सहाला फिरा. 'मी सन' (My Son) हे ठिकाण मात्र चुकवू नका. इथल्या जुन्या चंपा राज्याच्या राजांची विटांची शिवमंदिरं, डोंगरांच्या मधोमध, चौथ्या शतकातल्या भद्रवर्मन राजाने तिथल्या देवाला भद्रेश्वर नाव दिलं, शिलालेख संस्कृतात. १९६९ मधे अमेरिकन बॉम्बहल्ल्यात मोठं मंदिर कोसळलं, बॉम्बचे खड्डे अजून दिसतात, गवत उगवलेले. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे जीर्णोद्धाराचं काम केलंय आणि २०२० मधे त्या कामात नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग सापडलं. आत्याने चप्पल काढून नमस्कार केला. आमचा गाईड आधी गोंधळला, मग तोही हात जोडून उभा राहिला.

सायगॉनला पोचेपर्यंत पीचची फुलं गायब, इथे सगळीकडे 'माय' नावाची पिवळी फुलं. कॉफी पण बदललेली, बर्फ आणि कंडेन्स्ड मिल्क, त्या उकाड्यात दिवसाला तीन व्हायच्या. पैशांचं एक सांगते, भाव सांगताना तीन शून्यं गिळतात, पन्नास म्हणजे पन्नास हजार, आणि वीस हजाराची नि पाच लाखाची नोट दोन्ही निळ्या, वेगवेगळ्या कप्प्यात ठेवा.

तेतच्या सकाळी गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंनी आत्याला लाल पाकीट दिलं, शुभ पैसे म्हणून. आत्या ऐकते होय! तिने पर्स धुंडाळून दहाची नोट आणि एक रुपयाचं नाणं असे अकरा रुपये त्यांच्या नातवाच्या हातावर ठेवले. तिकडे २०११ पासून नाणी चालतच नाहीत. त्या पोराने नोटेकडे ढुंकूनही पाहिलं नाही, नाणं घेऊन जो पळाला तो गल्लीतल्या सगळ्या मुलांना घेऊनच परत आला, आणि मग आम्ही दोघी बॅगा उलट्या करून चिल्लर शोधत बसलो.