बुश ओमच्या हातात दिला

मिस्त्रींनी गाडीचा झिजलेला बुश, म्हणजे जोडात बसणारं रबर, काढला आणि माझ्या भाच्याच्या, ओमच्या हातात दिला. झालं एवढंच. पण संध्याकाळपासून तेच डोक्यात फिरतंय, म्हणून लिहायला बसले.

आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या मागच्या पाट्यांचं, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं काम आज उरकलं. स्पीडब्रेकरवरून उतरली की मागून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठणका यायचा, आणि वळणावर मागची बाजू वेगळीच झुलायची. मागे एकदा लोहाराकडून पाटे मारून घेतले होते. कमान आली, पावसाळा सरेपर्यंत परत बसली. दमलेलं लोखंड ठोकून किती दिवस उभं राहणार? म्हणून या वेळी पाटे, शॅकल (पाट्याचं मागचं टोक धरणारी झुलती कडी), बुश, शॉकअप, सगळं नवं, आणि दोन्ही बाजूंचं. एकाच बाजूचा पाटा बदलला तर गाडी तिरकी उभी राहते.

सामान मुंबईहून मागवलं. टॅक्स्या होत्या तोवर तिथे पद्मिनीचं हवं ते मिळायचं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरल्याची बातमी वाचली, तेव्हा माझ्या पोटात आधी पार्टांच्याच काळजीनं गोळा आला होता.

तर बुश. रबराचा भुगा झालेला, भोक लांबट अंड्यासारखं. मिस्त्री ओमला म्हणाले, "ह्ये बघ. पाटा दाबला की सपाट हुतो, सपाट झाला की लांब हुतो. म्हणून म्होरलं टोक पक्कं असतंय आन् मागलं शॅकलवर झुलतंय. हितलं रबरच गेल्यालं, मग ठणठण न्हाई तर काय हुणार?"

मी तिथेच उभी होते, बॅटरी धरून. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

ओम गुणी आहे, पण त्याला स्टिअरिंगजवळच्या दांड्याचा गिअर अजून नीट पडत नाही. त्यानं बुश उलटसुलट पाहिला आणि बॉनेटवर ठेवून दिला. पैसे मी दिले, हा मुद्दा नाही. शाळेत होते तेव्हापासून मी या गाडीखाली उजेड धरत आलेय. "हातावर नको, नटावर पाड," असं आण्णा खालून ओरडायचे. एवढ्या वर्षांनंतरही मी उजेड धरायलाच का? बाई म्हणून? का वय झालं म्हणून? दुपारभर असलं काहीबाही मनात येत राहिलं आणि घशाशी दाटून आलं. घरी आल्यावर चहासुद्धा नको वाटला.

पण नंतरचंही लिहायला हवं. शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळायची वेळ आली. पुष्कळ जण गाडी जॅकवर असतानाच आवळून मोकळे होतात. मग गाडी खाली टेकली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात मिस्त्रींनी आपणहून गाडी चाकांवर उतरवली आणि ओमला मागच्या सीटवर बसवलं. "वजन येऊ दे, मग आवळायचं," त्याला म्हणाले. आणि पाना लावता लावता, माझ्याकडे न बघताच, "ताईंस्नी म्हायती हाय."

म्हणजे मला माहीत आहे म्हणून मला दाखवला नाही, असं धरायचं? असेलही. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. हाताखाली शिकायला पोरं येत नाहीत. समोर बारावीचा मुलगा दिसला आणि ते बोलत सुटले, हे मला समजतं.

तरी माहीत असला म्हणून काय झालं, मला तो हातात घ्यायचा होता. तो आण्णांनी बसवलेला.

असो.

गाडी विश्रामबागेपर्यंत फिरवून आणली. मागची बाजू आता हट्टाने सरळ येते. पाटे जरा ताठ वाटतात, आईच्या कमरेला जाणवेल, पण रुळतील. वालचंद कॉलेजवरून जाताना ओमला सांगितलं, ज्यांचं नाव या कॉलेजला आहे, त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. तुझ्या बुडाखालची गाडी त्याच कंपनीची. त्याला तिथेच मेकॅनिकलला जायचंय आणि हे ठाऊक नव्हतं. मग घरापर्यंत प्रश्न विचारत होता. पाटा दाबल्यावर नेमका किती लांब होतो गं आत्या? रविवारी मोजू म्हटलं, आधी रिकामी गाडी, मग मागे तिघं बसवून.

बुश बॉनेटवरून उचलून मी पर्समध्ये टाकलाय.

नवे पाटे बसले की त्यांना अ‍ॅक्सलशी बांधणारे यू-बोल्ट ढिले पडतात, पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. औदुंबर, वाडी, विट्याला मावशीकडे, असं करत होतील तेवढे. मिस्त्रींना फोन करून सांगितलं की आवळायचं काम मी घरीच करणार. ते म्हणाले, करा की, फकस्त एकच बाजू आधी वढू नका, चारी नट आळीपाळीनं थोडं थोडं घ्या.