तेरा महिने, दोन दिवस

१५ ऑगस्टच्या गणवेशाची इस्त्री मोडते न मोडते तोच आमच्या शाळेत १७ सप्टेंबरची तयारी सुरू व्हायची. पुढे नोकरीसाठी पुण्याला गेलो, तेव्हा तिथे त्या दिवशी सुट्टी नसते हे पाहून मी चक्रावलोच. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन सगळ्यांचाच असतो, अशी माझी समजूत होती.

सहावीत इतिहासाच्या सरांनी फळ्यावर दोन तारखा लिहिल्या, १५ ऑगस्ट १९४७ आणि १७ सप्टेंबर १९४८, आणि वजाबाकी करायला लावली. उत्तर आलं तेरा महिने, दोन दिवस. "एवढे दिवस तुमचे आजी-आजोबा निजामाच्याच राज्यात होते," सर म्हणाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला निजाम मीर उस्मान अली खान याला भारतात यायचं नव्हतं. निजामाची बाजू घेणाऱ्या कासिम रझवीच्या सशस्त्र संघटनेने, रझाकारांनी, गावंच्या गावं लुटली. तिकडे दिल्लीत स्वातंत्र्याचा सोहळा चालू असताना इकडे मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. अखेर १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला. सरकारदरबारी 'ऑपरेशन पोलो'. आमच्या आजीच्या तोंडी मात्र कायम 'पोलिस ॲक्शन'.

एक नाव सर दरवर्षी आवर्जून घ्यायचे, शोएबुल्ला खान. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. संस्थानाने भारतात विलीन व्हावं असं त्यांनी लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना ठार मारलं. हा लढा धर्माचा नव्हता, हे आम्हाला सरांनी या एका नावातून शिकवलं. स्वतः सर उर्दूतून शिकलेले. ते नाव उच्चारताना त्यांचा आवाज जड व्हायचा.

झेंड्याच्या बाबतीत सर फार काटेकोर. २६ जानेवारीला झेंडा आधीच वर बांधलेला असतो, तो नुसता फडकवायचा. १५ ऑगस्टला तो खालून वर चढवायचा, कारण त्या दिवशी देश पारतंत्र्यातून वर आला. "आणि १७ सप्टेंबरलाही खालूनच," सर बजावायचे. शिपाईमामा खादीच्या घडीत झेंडूच्या पाकळ्या ठेवून सरकगाठ मारायचे. केशरी पट्टा वर आहे ना, हे सर दोनदा बघायचे.

दहावीच्या वर्षी दोरी माझ्या हातात आली. रात्रभर पाऊस पडून गेलेला, दोरी भिजून जड झालेली. झेंडा टोकाला पोचला, मी झटका दिला, गाठ सुटली. ओल्या पाकळ्या सरांच्या पांढऱ्या टोपीवर पडल्या. राष्ट्रगीत संपेपर्यंत त्यांनी त्या झटकल्या नाहीत.