डेटा बरोबर होता, सीक्वेन्स मागे राहिला होता

मायएसक्यूएल या डेटाबेसवरून पोस्टग्रेएसक्यूएल (पोस्टग्रेस) या दुसऱ्या डेटाबेसवर आमचं वेब ॲप्लिकेशन हलवलं, तेव्हा डेटा नीट आला होता. टेबलांमधल्या रो, म्हणजे नोंदींच्या ओळी, मोजल्या, जुळल्या. जुन्या नोंदी उघडत होत्या, त्यांतले बदल सेव्ह होत होते. नवी नोंद करायला गेलं की मात्र एरर, कोड 23505: हा आयडी आधीच आहे.

मी संशय घेतला तो डेटावर. इम्पोर्ट दोनदा चालला असेल म्हणून अर्धा दिवस दुबार रो शोधत बसलो. एक आयडी दोनदा येऊ न देणारी प्रायमरी की जागेवर असताना त्या असणं शक्यच नव्हतं, हे तेव्हा सुचलं नाही. त्यात 12 रोंचं एक छोटं टेबल बारा वेळा अडलं आणि तेराव्या वेळी कुणी हात न लावता चालू झालं.

उलगडा त्या टेबलानेच केला. नवा आयडी सीक्वेन्स, म्हणजे डेटाबेसमधला ओळीने आकडे देणारा गणक, देतो, आणि एकदा दिलेला आकडा नवी रो घालणं (इन्सर्ट) फसलं तरी परत घेत नाही. आमचा सीक्वेन्स 1 पासून निघाला होता. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नागणिक एकेक पुढे सरकत तो 13 वर आला, तेव्हा मोकळा आकडा मिळाला. मायएसक्यूएलमध्ये मोठा आयडी स्वतः घातला तरी ऑटो इन्क्रिमेंट, म्हणजे तिथली पुढचा आयडी देणारी सोय, आपोआप त्याच्या पुढे जातं. पोस्टग्रेसमध्ये सीक्वेन्स टेबलापासून वेगळा असतो. आयडीसकट रो भरल्या तर त्याला त्याची खबरच नसते.

तातडीचा उपाय म्हणून आयडी युनिक (एकमेव) असण्याचं बंधनच काढून टाकू, असं टीममध्ये एकाने सुचवलं. मी ठाम नकार दिला. एरर थांबली असती, पण एका आयडीवर दोन ऑर्डरी बसल्या असत्या आणि त्या निस्तरायला महिने गेले असते.

ॲप थोडा वेळ बंद ठेवलं, म्हणजे मधेच कुणी नवी रो घालणार नाही. मग एका स्क्रिप्टने प्रत्येक टेबलाचा सर्वांत मोठा आयडी काढून सेटव्हॅल या फंक्शनने सीक्वेन्स तिथे नेला. सगळी टेबलं चालू झाली, एक सोडून. तिथे स्क्रिप्ट बिनतक्रार चालली होती, पण सीक्वेन्स जागचा हलला नव्हता. कॉलमवरून सीक्वेन्सचं नाव देणारं फंक्शन तिथे नल, म्हणजे रिकामं उत्तर, देत होतं, आणि सेटव्हॅलला नल दिलं की ते काही न करता, एररही न देता नलच परत करतं. मायग्रेशन टूलने सीक्वेन्स बनवला होता, पण कॉलमच्या मालकीचा केला नव्हता, म्हणून त्या फंक्शनला तो सापडत नव्हता. ऑल्टर सीक्वेन्स या कमांडने 'ओन्ड बाय' लावून ती मालकी दिली, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. या वेळी प्रत्येक सीक्वेन्सचा आकडा टेबलाच्या सर्वांत मोठ्या आयडीशी स्वतः ताडून पाहिला, आणि मगच ॲप सुरू केलं.