कुलूप कोणी लावले?

२ ऑक्टोबर २०१३ ला गांधी जयंतीची सुट्टी होती आणि पहाटे साडेपाच वाजता भुसावळच्या आमच्या घरात फक्त संगणकाचा पडदा उजळलेला होता. तिकडे अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये अजून १ तारखेची रात्र चालू होती. सलग वीस हंगाम विजयांपेक्षा पराभवच अधिक पदरी पडलेला तिथला पायरेट्स हा बेसबॉल संघ १९९२ नंतर प्रथमच बाद फेरीचा सामना खेळत होता. काळे कपडे घालून आलेले प्रेक्षक प्रतिस्पर्धी सिनसिनाटीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जॉनी क्वेटो याचे नाव एका सुरात लांबवून पुकारत होते. त्या गजरात क्वेटोच्या हातून चेंडू निसटून जमिनीवर पडला, आणि त्याने टाकलेल्या पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन मारला. आमचे इंटरनेट नेमके तेव्हाच अडखळले. चित्र पुन्हा हलू लागले तोवर चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला होता. मी इतक्या जोरात ओरडलो, की आप्पा अंथरुणातून उठून बाहेर आले.

खानदेशातल्या माणसाचा पिट्सबर्गशी काय संबंध, असे मला नेहमी विचारले जाते. मी शाळेत मुलामुलींना सॉफ्टबॉल शिकवतो. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पायरेट्सने करारबद्ध केल्याची बातमी वाचली, तेव्हा तो संघ मला आपला वाटला. त्या दोघांना मुख्य संघापर्यंत पोहोचता आले नाही, पण माझे नाते तुटले नाही. आमच्याकडे ऊन तापू लागते तेव्हा बेसबॉलचा हंगाम सुरू होतो आणि शेतात कापसाची वेचणी सुरू होते तेव्हा वर्ल्ड सीरिज ही अंतिम मालिका येते. गेली अनेक वर्षे माझ्या पहाटा या वेळापत्रकावर चालत आल्या आहेत. म्हणूनच हे वेळापत्रक कोणी बंद पाडते, तेव्हा मला होणारा त्रास हा दूरच्या तमाशाचा त्रास नसतो.

२ डिसेंबर २०२१ हा दिवस मी विसरलेलो नाही. अमेरिकेत १ डिसेंबरच्या मध्यरात्री संघांचे मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला करार संपला आणि मालकांनी टाळेबंदी केली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. मधल्या सुट्टीत मी मोबाईलवर लीगचे अधिकृत संकेतस्थळ उघडले, तर खेळाडूंच्या छायाचित्रांच्या जागी चेहरा नसलेल्या राखाडी आकृत्या होत्या. नावे होती, आकडे होते, चेहरे मात्र पुसलेले होते. टाळेबंदी चालू असेपर्यंत खेळाडूंना संघाच्या मैदानावर सराव करता येणार नव्हता, संघाच्या डॉक्टरांशी बोलता येणार नव्हते आणि नवे करारही होणार नव्हते. मी त्या राखाडी आकृत्या बराच वेळ पाहत राहिलो आणि संध्याकाळी घरी येऊन आप्पांना सांगितले, की बेसबॉलवाल्यांनी संप केला.

आप्पांनी लगेच विचारले, "संप केला, की गेटला कुलूप लागलं?"

मी म्हणालो, "कुलूप लागलं."

"मग संप कशाला म्हणतोस? कुलूप लावलं कोणी, ते आधी सांग."

आप्पांची हयात जिल्ह्यातल्या एका कापड गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, गेली. भोंग्याच्या तालावर आमचे घर जेवायचे आणि झोपायचे. एके दिवशी ते पहिल्या पाळीला गेले आणि तासाभरात डबा तसाच घेऊन परत आले. गेटवर टाळेबंदीची नोटीस लागली होती, आणि ती गिरणीत सुताला लावतात त्याच खळीने चिकटवलेली होती, हे ते आजही सांगतात. पुढे गावात सगळीकडे "कामगारांनी गिरणी बंद पाडली" असेच बोलले जाऊ लागले. किराणा उधार देणारा दुकानदारही तेच म्हणायचा. कुलूप मालकाने लावले आणि बोल कामगाराला लागला, ही गोष्ट आप्पांच्या मनात इतकी खोल रुतली आहे, की संप आणि टाळेबंदी हे शब्द कोणी अदलाबदल करून वापरले तर ते बोलणे मध्येच थांबवतात. त्यातच करोनाच्या काळात वर्तमानपत्रांनी घराबाहेर पडायच्या बंदीलाही टाळेबंदी म्हटल्यामुळे त्या शब्दाचा गिरणीतला अर्थ आणखीच पुसट झाला.

बेसबॉलच्या इतिहासात दोन्ही प्रकार घडले आहेत. १९७२ मध्ये खेळाडूंनी संप केला आणि ८६ सामने कायमचे रद्द झाले. १९८१ च्या संपात सातशेहून अधिक सामने गेले. १९९० मध्ये मालकांनी ३२ दिवस टाळेबंदी केली. २०२१ ची टाळेबंदी ९९ दिवस चालली आणि १० मार्च २०२२ रोजी उठली. कोण कोणता मार्ग निवडतो यामागे पैशाचे साधे गणित आहे. खेळाडूंना पगार हंगामात मिळतो आणि मालकांना मोठी कमाई ऑक्टोबरच्या बाद फेरीत होते. त्यामुळे ऑगस्टमध्ये, आपला बहुतेक पगार हाती आल्यावर, संप करणे खेळाडूंच्या सोयीचे असते. उलट डिसेंबरमध्ये मैदाने रिकामी असतात, तेव्हा कुलूप लावले तर मालकांचे फारसे काही बुडत नाही. खेळाडूंना हंगामाच्या मध्यावर संप करता येऊ नये म्हणून आम्ही आधीच टाळेबंदी करतो, असे मालकांचे म्हणणे होते. ही भीती निराधार नव्हती, हेही मान्य केले पाहिजे, कारण १९९४ मध्ये नेमके तेच झाले होते.

त्या वर्षाचा इतिहास मी पुष्कळ वाचला आहे, आणि दर वेळी तो वाचताना मन खट्टू होते. मालकांना प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा हवी होती, खेळाडूंना ती मान्य नव्हती. १२ ऑगस्ट १९९४ ला संप सुरू झाला आणि १४ सप्टेंबरला वर्ल्ड सीरिज रद्द झाल्याची घोषणा झाली. १९०४ नंतर प्रथमच वर्ल्ड सीरिज झाली नाही; दोन महायुद्धांतही ती थांबली नव्हती. संपामुळे सॅन दिएगोच्या टोनी ग्विनची फलंदाजीची सरासरी .३९४ वर, म्हणजे हजार प्रयत्नांत ३९४ यशस्वी फटके या प्रमाणावर, गोठली. १९४१ नंतर कोणालाही न गाठता आलेला .४०० चा टप्पा तो गाठू शकला असता की नाही, हे आता कोणालाच कळणार नाही. माँट्रियल एक्स्पोज हा संघ ७४ विजय आणि ४० पराभव अशा स्थितीत सर्वांच्या पुढे होता. त्या शहराला तशी संधी पुन्हा मिळाली नाही. पुढच्या काही वर्षांत प्रेक्षक आटले आणि २००४ च्या हंगामानंतर तो संघ वॉशिंग्टनला हलवण्यात आला. माँट्रियलच्या प्रेक्षकाने कोणते पाप केले होते? त्याने तिकिटे काढली, टाळ्या वाजवल्या आणि घासाघीस दुसऱ्यांनी केली.

१९९५ च्या वसंतात मालकांनी संपावरील खेळाडूंच्या जागी दुसरे खेळाडू उतरवण्याची तयारी केली होती. हे मी आप्पांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे बदली." गिरणीत बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहून कोणी गैरहजर आहे का याची वाट पाहायचा, तो संप फोडणारा नसायचा, हा फरक आप्पांनीच पुढे समजावून दिला. अखेर ३१ मार्च १९९५ रोजी न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी मालकांविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि २३२ दिवसांचा संप संपला. हंगाम १६२ ऐवजी १४४ सामन्यांचा झाला. मैदानावर येणारे प्रेक्षक सुमारे एक पंचमांशाने घटले.

अमेरिकेतले प्रेक्षक या भांडणाला कोट्यधीश आणि अब्जाधीश यांचे भांडण म्हणतात आणि दोघांनाही सारखेच दूषण देऊन मोकळे होतात. मला हा हिशेब मान्य नाही. मोठ्या लीगमध्ये आलेल्या खेळाडूला साधारण तीन वर्षे संघ देईल त्या पगारावर खेळावे लागते आणि स्वतःचा संघ निवडण्याचा हक्क सहा वर्षांनी मिळतो. आमचा पिट्सबर्गचा पिचर पॉल स्कीन्स पाहा. २०२४ मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला, २०२५ मध्ये त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, तरी त्याचा पगार किमान वेतनाच्या आसपासच राहिला. अशा तरुणांसाठी ५ कोटी डॉलरचा वेगळा बोनस निधी २०२२ च्या करारात आला आणि किमान वेतन ५,७०,५०० डॉलरवरून ७,००,००० डॉलर झाले. जो ९९ दिवसांचा अडथळा मला असह्य झाला होता, त्यातून एवढे तरी बाहेर पडले. खालच्या लीगमध्ये रात्रभर बसने प्रवास करून खेळणाऱ्या पोरांना तर २०२२ पर्यंत संघटनाच नव्हती.

तरीही मी चिडलो होतो आणि आजही चिडलेला आहे. कुलूप लावल्याने वाटाघाटींना वेग येईल, असे लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी चाहत्यांना लिहिलेल्या पत्रात म्हटले होते. त्यानंतर सुमारे सहा आठवडे मालकांकडून मुख्य आर्थिक प्रश्नांवर एकही प्रस्ताव गेला नाही. मी रोज सकाळी उठून बातमी शोधायचो आणि बातमी नसायची. त्याच हिवाळ्यात आपल्याकडे एस.टी. कामगारांचा संप चालू होता. विलीनीकरणाची मागणी होती, आणि माझ्या वर्गातल्या खेड्यांवरच्या मुली काळीपिवळीत कोंबून शाळेला येत होत्या. त्यांच्यापैकी कोणी वाहकांना शिव्या दिल्याचे मी ऐकले नाही. कित्येकींचे मामा, काका त्या संपात होते. पण प्रवाशाला त्या वाटाघाटीत खुर्ची नव्हती, तशी इथे प्रेक्षकालाही नाही. माझे सामने पाहणे आणि त्या मुलींची शाळा यांची बरोबरी मी करीत नाही. खुर्ची नसण्याची जाणीव मात्र तिथूनच अधिक तीव्र झाली.

आता १ डिसेंबर २०२६ ला चालू करार संपतो आहे आणि वेतनाच्या कमाल मर्यादेचा तोच जुना प्रश्न पुन्हा वर आला आहे. अमेरिकेतल्या चार मोठ्या व्यावसायिक लीगपैकी फक्त बेसबॉलमध्ये ही मर्यादा नाही. हुआन सोटोला न्यूयॉर्क मेट्सने १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिले, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सने २०२४ आणि २०२५ अशा लागोपाठ दोन वर्ल्ड सीरिज जिंकल्या, तेव्हा लहान शहरांच्या संघाचा चाहता म्हणून मलाही मर्यादा यावी असे वाटले होते. पुष्कळ विचार केल्यावर ते मत टिकले नाही. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा लहान संघांना आजही मिळतो. तो संघावर खर्च होत नसेल तर डॉजर्सचे हात बांधून पिट्सबर्गला काय मिळणार? २०२५ मध्ये पिट्सबर्गच्या मैदानावर प्रेक्षकांनी "संघ विका" अशा घोषणा दिल्या, त्या खेळाडूंविरुद्ध नव्हत्या. कमाल मर्यादेबरोबर खर्चाची भक्कम किमान मर्यादा आणि सर्व संघांचे खुले हिशेब येणार असतील, तर मी ऐकून घ्यायला तयार आहे. नुसत्या कमाल मर्यादेसाठी २०२७ चा एकही सामना गेला, तर तो कोणाच्या हट्टापायी गेला याबद्दल माझ्या मनात शंका राहणार नाही. आणि खेळाडूंनी १९९४ प्रमाणे ऑगस्टमध्ये बॅट खाली ठेवली, तर त्यांनाही मी हेच म्हणेन.

आप्पा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. होमरनखेरीज त्यांना या खेळातले फारसे काही कळत नाही, पण परवा चहा घेताना त्यांनी मला तारीख विचारून घेतली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत २ डिसेंबरच्या चौकटीत पेन्सिलीने एक लहानसे कुलूप काढले. सामने पाहण्यासाठी मी दर वर्षी भरतो ती वर्गणी आपोआप कापली जात असे; ती सोय मी त्याच संध्याकाळी बंद केली. नव्या करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होतील, त्या दिवशी ती पुन्हा भरीन.