पाण्याचा दिवस आणि बारक्याचा मोबाईल

थोरलीनं स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या गाठींची चलनं लिहीत होतो. बारक्याच्या मोबाईलमधलं ‘डिजिटल वेलबीइंग’चं पान होतं ते. कालचा वापर 4 तास 50 मिनिटं, त्यात एकट्या यूट्यूबचे 3 तास. खाली तिनं लिहिलं होतं, ‘‘पप्पा, मी बारावीला आहे म्हणून मला मोबाईल नको म्हणता ना? मग हे पण बघा.’’

बारक्या 11 वर्षांचा, सहावीत जाणारा. मोबाईल माझाच जुना, काच तडकलेला. मे महिना होता. दुपारी 43 डिग्रीत पोराला ‘जा, बाहेर खेळ’ म्हणायची सोय नाही. मग घरातल्या प्रत्येकानं त्याच्या हातात तो मोबाईल ठेवला होता. मी ठेवला, हिनं ठेवला, तात्यांनी म्हणजे माझ्या वडिलांनी तर मागायच्या आधी ठेवला. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं सगळं पोराच्या माथी मारल्यासारखं होईल.

कारखान्यात कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा म्हणाला, ‘‘साहेब, फॅमिली लिंक टाका की. पोराच्या मोबाईलला आपल्या मोबाईलवरून आवर घालता येतो. गूगलचंच आहे, फुकट आहे.’’ जेवणाच्या सुट्टीत उरकेल असं वाटलं होतं. त्यात दोन रात्री गेल्या.

पहिलीच अडचण खात्याची. त्या मोबाईलमध्ये खातं माझंच होतं. म्हणजे गूगलच्या लेखी दिवसभर कार्टून बघणारा मीच, वय 46. मला माझाच पालक कसा नेमणार? बारक्याचं एक वेगळं खातं होतं, ते मागच्या वर्षी थोरलीनं काढून दिलेलं. 13 च्या आतल्या मुलाचं खातं पालकांशिवाय निघत नाही, म्हणून तिनं जन्मसाल टाकलं होतं 2001. सहावीतलं पोरगं कागदोपत्री लग्नाला आलेलं! तिला विचारलं तर म्हणाली, ‘‘तुम्हीच म्हणाला होता, तुमचं तुम्ही बघून घ्या.’’ म्हणालो असेन.

शेवटी खऱ्या जन्मतारखेचं नवं खातं काढलं. तारीख खरी टाकली की गूगल आपणहून पालकाचं खातं विचारतं. माझं दिलं, पासवर्ड टाकून संमती दिली आणि माझ्या मोबाईलवर फॅमिली लिंक उतरवून घेतलं. पण त्या जुन्या मोबाईलमध्ये माझंही खातं राहिलं असतं तर काय उपयोग? खातं बदललं की तो पुन्हा 46 वर्षांचा. म्हणून मोबाईल पूर्ण कोरा करून नव्या खात्यानं चालू केला.

कोरा करण्याआधी फोटो काढून घ्यायचे असतात हे मला माहीत होतं. तरी राहिलं. गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतला, तात्या बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर चालतानाचा व्हिडिओ त्यात होता. पुढं मेहुण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा अर्धा तुकडा मिळाला. तात्या काही बोलले नाहीत, हीच दोन दिवस बोलत होती. कुणी हे करायला घेणार असेल तर आधी फोटो, मग बाकीचं.

खरं डोकं चालवावं लागतं ते वेळ ठरवताना. फॅमिली लिंकमध्ये दिवसाचा एकूण वेळ ठरवता येतो, तोही सोमवारचा वेगळा, रविवारचा वेगळा. त्याला डेली लिमिट म्हणतात. डाउनटाइम म्हणजे रात्री अमुक ते सकाळी तमुक मोबाईल बंद. शाळेच्या वेळेपुरतं स्कूल टाइम. शिवाय एकेका अ‍ॅपला वेगळी मर्यादा घालता येते, आणि एखादं अ‍ॅप वेळ संपला तरी चालू राहावं असं वाटलं तर ते ‘ऑलवेज अलाउड’मध्ये टाकायचं. नवीन अ‍ॅप हवं असेल तर त्याची विनंती आपल्या मोबाईलवर येते. पहिल्या आठवड्यात मला अशा 9 विनंत्या आल्या, त्यातल्या 7 गेमच्या.

मी उत्साहात सरसकट एक तास लावला. तो तास बारक्यानं सकाळी उठल्याउठल्या संपवला. दहा वाजता कुलूप, आणि मग दिवसभर घरात नुसती धुसफूस. एकच एक आकडा दिला की पोरगं मिनिटं मोजायला लागतं. कधी संपेल याच्या धास्तीनं ते आणखी चिकटून बसतं. चौथ्या दिवशी मी ते मोडलं. सुट्टीपुरते एकूण दोन तास केले, पण यूट्यूबला 40 मिनिटं आणि गेमला 30. रात्री 9 ते सकाळी 7 डाउनटाइम. बुद्धिबळाचं अ‍ॅप मोकळं सोडलं. त्यावर तो तासभर हरत बसतो, बसू दे. माझ्या मते यातली दोन, म्हणजे डाउनटाइम आणि एकेका अ‍ॅपची मर्यादा, हीच खरी कामाची. एकूण वेळ ढिला असला तरी बिघडत नाही.

वेळ संपत आली की मोबाईल आधी इशारे देतो आणि मग बंद होतो. कुलूप लागलं तरी आलेला फोन उचलता येतो, त्यामुळे हिची काळजी मिटली. तात्या लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये खात्यावर होते. मिल बंद पडून किती वर्षं झाली, पण त्यांच्या डोक्यात वेळ अजून भोंग्यानंच चालते. रात्री नऊला स्क्रीन बंद झाली की खाटेवरून आवाज येतो, ‘‘भोंगा झाला बे, ठेव आता.’’ मी ओरडलो असतो तर भांडण झालं असतं. भोंग्याशी कोण भांडणार?

तीन आठवडे असे बरे गेले. मग एका रविवारी निवांत बसून वापराचे आकडे बघितले तर मधूनच एखादा दिवस साडेतीन तासांचा. मर्यादा दोन तासांची असताना! बरं, वारही एक नाही. कधी मंगळवार, पुढं शनिवार, मग गुरुवार. मला वाटलं माझ्याच सेटिंगमध्ये काहीतरी चुकलंय, म्हणून सगळं दोनदा तपासलं. हिनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून आणलं. त्यावर ती पाणी आलेल्या तारखांना गोल करते. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. तारखा एकास एक जुळल्या.

पाण्याच्या दिवशी आमच्या घरात काय चालतं ते सोलापूरकराला सांगायला नको. मोटर, पाईप, पिंप, हंडे, वरची टाकी, खालची टाकी. दोन तास कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसतो, आणि भिजू नयेत म्हणून सगळ्यांचे मोबाईल फ्रिजवर. त्यात माझाही. त्याचा पॅटर्न म्हणजे इंग्रजी एल. बारक्या स्टुलावर चढायचा, माझा मोबाईल उघडायचा, फॅमिली लिंकमध्ये जाऊन स्वतःला अर्ध्या तासाचा बोनस द्यायचा आणि मोबाईल होता तसा ठेवून द्यायचा. दिवसातून तीनदा.

विचारलं तर लपवलं नाही. ‘‘तुम्ही पण असंच देता की, मी बघितलंय.’’ देत होतो. कारखान्यातून दमून आलो की तो मागायचा आणि मी न बघता बटण दाबायचो. मारायला हात उचलला नाही याचं कारण एवढंच की मला मनातून हसू येत होतं. एल काढून टाकला. आता अंगठा आणि सहा आकड्यांचा पिन. पण वारांप्रमाणे वेळ ठरवणाऱ्या अ‍ॅपला आमचं पाणी कोण समजावणार? त्याची सोय आम्हीच केली. पाण्याच्या दिवशी त्या दिवसापुरता वेळ मी सकाळी हातानं बदलतो, आणि बारक्याकडे पाईप धरायचं काम.

माझं दार बंद झालं, मग त्याला तात्यांचं सापडलं. तात्यांच्या मोबाईलमध्ये कीर्तन आणि अभंग, आणि त्यांच्या मधेमधे अचानक ‘टॉप टेन सिक्सर’. त्यांना पिन लावून दिला. त्यांच्या तो लक्षात राहीना, म्हणून त्यांनी कागदावर लिहून कव्हरच्या मागं चिकटवला. काय बोलणार? शेवटी ठरलं की मोबाईल तात्यांच्या बंडीच्या खिशात राहील, झोपताना उशीखाली. ह्याला कुठलं अ‍ॅप लागत नाही.

एकदा माझ्या आणि बारक्याच्या, दोन्ही मोबाईलचं नेट संपलं. त्याला शाळेच्या प्रकल्पाचा फोटो मोबाईलमधून दाखवायचा होता आणि मोबाईलला तर कुलूप. मी बोनस देतोय, तिकडं पोचतच नाही. तेव्हा कळलं की फॅमिली लिंकमध्ये पालकांसाठी एक कोड असतो. तो ठरावीक वेळानं बदलतो, आणि मुलाच्या मोबाईलवर टाकला की नेट नसतानाही कुलूप उघडतं. तो कोड बारक्याच्या समोर मोठ्यानं वाचायचा नाही. मी वाचला होता.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तसा स्कूल टाइम लावला आणि एकूण वेळ सव्वा तासावर आणला. शाळेचा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतो आणि व्हॉट्सअ‍ॅपला वय 13 लागतं, म्हणून तो ग्रुप हिच्या मोबाईलवर. संध्याकाळी ती वाचते, तो वहीत उतरवतो. ‘अभ्यासासाठी मोबाईल पाहिजे’ हे वाक्य त्यामुळे बरंच कमी झालं, संपलं मात्र नाही.

काल रात्री नऊला भोंगा झाल्यावर बारक्या माझ्याजवळ येऊन बसला. ‘‘पप्पा, उद्या पाणीय. पिंप भरायला मी उठतो सहाला, वरची टाकी पण मी बघतो. वीस मिनिटं?’’ घासाघीस होऊन पंधरावर आलो. आज सकाळी तो खरंच उठला, पिंप भरलं, टाकी ओसंडायच्या आत मोटर बंद केली. मी पंधरा मिनिटं टाकली. हिचं म्हणणं, दहाच ठरली होती.